फीवरफ्यू: अर्धशिशीचा पाला मराठवाड्यात लावावा का, घ्यावा कसा, आणि गाजरगवताशी त्याचा काय संबंध?

बालाघाटी (धागाकर्ता)

राम राम मंडळी. फीवरफ्यूबद्दल एकसारखे प्रश्न येऊ लागलेत, म्हणून वेगळा धागा काढतो. अर्धशिशीवर हा पाला चालतो असं ऐकून लोक बी मागवायलेत, पूड मागवायलेत, आणि काही जण बांधावरचं भलतंच काही तोडून वाळवायलेत. त्या शेवटच्या मंडळींसाठी हा धागा जास्त गरजेचा आहे.

आधी झाडाची ओळख. शास्त्रीय नाव टॅनासेटम पार्थेनियम. कूळ सूर्यफुलाचं, म्हणजे शेवंती, झेंडू, करडई यांच्याच घरातलं. मूळ मुलूख बाल्कन, तुर्कस्तान, कॉकेशस. तिथून ते युरोपभर आणि पुढं अमेरिकेत पसरलं. झुडूप दीड-दोन फुटांचं. पान पिवळसर हिरवं, शेवंतीसारखं कातरलेलं, पण शेवंतीपेक्षा पातळ. फूल दीड-दोन सेंटिमीटरचं, मधे पिवळी चपटी चकती आणि भोवती आखूड पांढऱ्या पाकळ्या. पान चुरगळलं की कापरासारखा उग्र वास येतो आणि बोटांना चिकटून राहतो. चव कडूजहर.

युरोपात याचा वापर जुना आहे. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस ज्या ‘पार्थेनियन’बद्दल लिहितो, ते हेच झाड असं मानलं जातं. ताप, अंगातली सूज, पाळीच्या तक्रारी, बाळंतपणात वार पडण्यासाठी, किडा चावला तर लेप, असे त्याचे जुने उपयोग. जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतितज्ज्ञानं १५९७ मध्ये वाळवलेली पूड घेरी येणाऱ्यांना चांगली, असं लिहून ठेवलंय. डोकेदुखीसाठीचं नाव नंतर वाढत गेलं.

आपल्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत हे झाड नाही. त्यामुळं ‘प्राचीन भारतीय औषधी’ अशी जाहिरात दिसली तर ती खोटी समजा. लागवडीबद्दल मी सांगतो, औषधाच्या बाजूनं जाणकारांनी लिहावं.

मांजराकाठ

दादा, चांगला विषय घेतला. नेटवरचे फोटो बघितले तर पान थेट आपल्या गाजरगवतासारखं दिसायलंय. नावातही दोन्हीकडं पार्थेनियम. आमच्याकडं पडीक रानात, रेल्वेच्या कडेनं हे गवत कंबरेएवढं वाढतंय. औषधी तेच असेल तर विकत कशाला घ्यायचं? की दोन वेगळे हायेत?

त्वचावैद्य_लातूर

दोन पूर्ण वेगळी झाडं आहेत. बांधावरचं कधीही, कुठल्याही रूपात पोटात घेऊ नका.

गाजरगवत म्हणजे पार्थेनियम हिस्टेरोफोरस. हे अमेरिका खंडातलं तण. १९५० च्या दशकाच्या मध्याला पुण्यात त्याची नोंद झाली आणि तिथून देशभर पसरलं. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, जे कातडीला भयंकर लागतं. जनावरांनी खाल्लं तर दुधाला कडवटपणा येतो, जास्त खाल्लं तर जनावर दगावू शकतं.

ओळखायचं कसं? फूल आलेलं असेल तर प्रश्नच नाही. गाजरगवताचं फूल मोहरीच्या दाण्याहून थोडं मोठं, चार-पाच मिलिमीटरचं, मळकट पांढरं, आणि मधे पिवळी चकती नसते. फीवरफ्यूचं फूल त्याच्या तिप्पट-चौपट मोठं आणि मधोमध ठसठशीत पिवळं. फूल नसेल तर पान बघा. गाजरगवताचं रोपटं लहानपणी जमिनीला चिकटून पसरतं, पानं राखाडी हिरवी, लवदार, गाजराच्या पाल्यासारखी बारीक बारीक कातरलेली आणि वीतभर लांब. फीवरफ्यूची पानं आखूड, खापे रुंद, रंग पिवळट. कापरासारखा उग्र वास फक्त फीवरफ्यूला.

पण एवढं लक्षात ठेवायचीही गरज नाही. फीवरफ्यू मराठवाड्याच्या रानात आपोआप उगवत नाही. तुम्ही बी पेरलेलं नसेल आणि बांधावर तसं काही दिसलं, तर ते गाजरगवतच धरा.

आता याहून महत्त्वाचं. झाडं वेगळी असली तरी दोघांत एकाच जातीची रसायनं आहेत, सेस्क्विटर्पिन लॅक्टोन. गाजरगवतात पार्थेनिन, फीवरफ्यूत पार्थेनोलाइड. ज्याच्या कातडीला एकाची ॲलर्जी जडली, त्याला दुसऱ्याचीही होऊ शकते. आपल्या भागात गाजरगवताची ॲलर्जी असलेले शेतकरी ढिगानं आहेत. पापण्या सुजणं, मान आणि कानामागं खाज, कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळीत जाड काळपट चट्टे, पावसाळ्यात वाढ आणि गाव सोडून आठ-पंधरा दिवस बाहेर राहिलं की उतार, अशी ज्याची कहाणी आहे त्यानं फीवरफ्यूच्या वाटेला जाऊच नये. ना पान, ना पूड, ना कॅप्सूल. शेवंतीची फुलं निवडताना हात खाजत असतील, तरीही नाही.

गोदातीर

सर, मग आधी मनगटाला पान चोळून बघावं का? काही झालं नाही तर घ्यायला सुरुवात करायची. नवीन साबणाचं तसंच करतात.

त्वचावैद्य_लातूर

नका करू ताई. कारण सांगतो. ही ॲलर्जी लगेच दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी उठते. संध्याकाळपर्यंत हात साफ दिसला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि घ्यायला लागतो. दुसरं, कच्चा पाला घासणं हाच ॲलर्जी जडण्याचा एक रस्ता आहे. आज नाही ती पुढच्या वेळी होऊ शकते. शंका असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात पॅच टेस्टची चौकशी करा. पाठीवर ठरलेल्या मात्रेची द्रव्यं पट्टीखाली लावतात, दोन दिवसांनी पट्टी काढतात आणि त्यानंतर आणखी एकदा बघतात. पट्टी असेपर्यंत पाठ ओली करायची नाही, घामाचं कामही नाही. म्हणून मे महिन्यात ही तपासणी टाळलेली बरी.

औषधशास्त्र_परभणी

आता औषध म्हणून यात किती दम आहे ते.

काम कसं होतं याबद्दल बऱ्यापैकी माहिती आहे. पार्थेनोलाइड प्रथिनांतल्या गंधकाच्या गटांना घट्ट चिकटतं. त्यामुळं प्लेटलेट्स एकमेकींना चिकटणं कमी होतं, त्यांच्यातून सेरोटोनिन हे रसायन सुटणं कमी होतं आणि सूज पेटवणारी एनएफ-कप्पा-बी ही साखळी दबते. २०१३ मध्ये असंही दिसलं की ते मज्जातंतूंवरच्या ट्रिपए-१ या दाराला आधी थोडं डिवचतं आणि मग बधिर करतं. त्यामुळं अर्धशिशीत सुटणारा सीजीआरपी हा पदार्थ कमी सुटतो. आज अर्धशिशीची जी नवी महागडी इंजेक्शनं आहेत, ती याच सीजीआरपीवर काम करतात. म्हणजे पाल्याची दिशा चुकीची नाही.

माणसांवरच्या चाचण्यांत मात्र चित्र मिश्र आहे. १९८५ मध्ये लंडनला १७ जणांवर एक चाचणी झाली. ही मंडळी आधीपासून रोज पान खाणारी होती. काहींना पानाची पूड दिली, काहींना रिकामी कॅप्सूल. रिकामी मिळालेल्यांची डोकेदुखी वाढली. १९८८ ची नॉटिंगहॅमची चाचणी ७२ जणांवर होती, रोज एक कॅप्सूल, चार महिने खरी आणि चार महिने खोटी. तिथं झटके साधारण २४ टक्के कमी झाले. मग १९९६ ला हॉलंडमध्ये अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क वापरला, तर काहीच फरक पडला नाही. २००५ मध्ये जर्मनीत एमआयजी-९९ नावाचा खास अर्क ६.२५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १६ आठवडे दिला. महिन्याला पावणेपाच झटके येणाऱ्यांचे १.९ झटके कमी झाले, तर खोट्या गोळीवाल्यांचे १.३. वेगवेगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ५६१ जणांच्या ६ चाचण्या एकत्र बघितल्या, आणि निष्कर्ष असा की फायदा असलाच तर छोटा, आणि पुरावा कच्चा.

माझं स्पष्ट मत: महिन्याला चार-सहा झटके येणाऱ्या माणसाचा एखादा झटका यानं टळू शकतो. ज्यांना डॉक्टरांची रोजची प्रतिबंधक गोळी सोसत नाही त्यांच्यासाठी ही गोष्ट छोटी नाही. पण डोकं ठणकायला लागल्यावर पान चावलं आणि थांबलं, असं हे औषध नाही. सुरू झालेला झटका पान किंवा पूड थांबवत नाही. २०११ मध्ये अद्रक आणि फीवरफ्यू यांचा जिभेखाली धरायचा एक तयार प्रकार झटक्याच्या सुरुवातीला देऊन बघितला होता, तेव्हा दोन तासांत ३२ टक्के लोकांची वेदना गेली, खोट्या औषधानं १६ टक्के. तो घरच्या पाल्याचा गुण म्हणून सांगता येणार नाही.

संधिवातावर १९८९ मध्ये ४१ बायकांवर सहा आठवडे दिलं, उपयोग झाला नाही. कॅन्सरच्या बातम्या फिरतात त्यांत एवढंच खरं की २००५ पासून प्रयोगशाळेत रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर पार्थेनोलाइडचा अभ्यास झाला आहे. पाला खाऊन कॅन्सर जात नाही. कृपया कुणाचे उपचार थांबवू नका.

गोदातीर

मग रोज किती पानं? कुणी दोन सांगतं, कुणी दहा. आणि किती दिवस?

औषधशास्त्र_परभणी

ताजी मोठी पानं रोज दोन ते तीन, बस्स. जुने नियमित खाणारे लोक साधारण तेवढीच खात. दहा पानं म्हणजे तोंडाची सालं निघायची. वाळलेली पूड असेल तर युरोपीय औषध संस्थेनं धरलेली मात्रा मोठ्या माणसाला दिवसाला १०० मिलिग्रॅम आहे. तयार कॅप्सूलवर पार्थेनोलाइड किमान ०.२ टक्के असं लिहिलेलं शोधा.

पान उपाशीपोटी चावू नका, आणि नुसतं तर चावूच नका. पान चावून खाणाऱ्यांत शंभरात अकरा जणांना तोंड येतं, जीभ सोलवटते, ओठ सुजतात, चव जाते. भाकरीच्या घासात किंवा केळ्याच्या फोडीत दडवून गिळलं तर हा त्रास कमी होतो. तरीही तोंड आलंच तर बंद करा, ‘सवय होईल’ म्हणून रेटू नका.

दिवसांचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात काही कळत नाही. वहीत तारीख, डोकं कधी धरलं, किती वेळ राहिलं, किती गोळ्या लागल्या हे लिहा. सुरू करण्याआधीचा महिनाही लिहिलेला असला पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार? दोन महिन्यांनंतर झटके तेवढेच असतील तर सोडून द्या आणि डॉक्टरांना भेटा. उगाच चालू ठेवण्यात अर्थ नाही.

आणि वेदनाशामक गोळ्या मोजा. साधी गोळी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि मिश्र (दोन-तीन औषधं एकत्र असलेली) किंवा ट्रिप्टान (खास अर्धशिशीच्या झटक्यावरची) गोळी १० दिवस किंवा जास्त, असं तीन-चार महिने चाललं की गोळीमुळंच रोज डोकं दुखायला लागतं. तिथं फीवरफ्यू काही करू शकत नाही. आधी त्या गोळ्या कमी कराव्या लागतात, डॉक्टरांच्या देखरेखीत.

मांजराकाठ

लागवडीचं सांगा की दादा. आमची जमीन भारी काळी, पाणी बोअरचं, आणि उन्हाळा तर तुम्हाला म्हाईतच आहे.

बालाघाटी

सांगतो. या तिन्ही गोष्टी या झाडाला अडचणीच्या आहेत, म्हणून वेळ साधणं महत्त्वाचं. थंड मुलखात हे दोन-तीन वर्षं टिकतं. आपल्याकडं ते रब्बीचं पीक समजा. दसऱ्यानंतर ऊन मऊ झालं की रोप टाकायचं, थंडीभर पाला काढायचा, एप्रिल-मेमध्ये झाड गेलं तरी वाईट वाटून घ्यायचं नाही.

बी फार बारीक असतं, राजगिऱ्याहूनही हलकं आणि लांबुडकं. ते उजेडात उगवतं. लोक सवयीनं वरून मातीचा थर देतात आणि मग ‘बी खोटं निघालं’ म्हणतात. ट्रेमध्ये चाळलेला पोयटा आणि कंपोस्ट समप्रमाणात भरा, ओलं करून तळहातानं सपाट दाबा. चिमूटभर बी चार चिमटी कोरड्या वाळूत मिसळून वरून भुरभुरा. झाकायचं नाही, फक्त हलकं दाबायचं. पाणी झारीनं नको, बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. फवाऱ्याच्या बाटलीनं द्या किंवा ट्रे पसरट ताटातल्या पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्या. वरून पारदर्शक प्लास्टिक टाका, उजेडात ठेवा, पण दुपारच्या उन्हात नको. १८ ते २२ अंशांना दहा-पंधरा दिवसांत हिरवी टिंबं दिसतात. दिसली की प्लास्टिक काढा. नाहीतर कोंदट हवेत रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात, हाच ‘मर’. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी लिटरला ५ ग्रॅम घेऊन मातीवर शिंपडलं तर मर कमी होते.

चार-सहा पानं आली की लावणी. कुंडी दहा-बारा इंचांची, खाली भोक मोकळं हवं. दोन भाग पोयटा, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम. निव्वळ काळी माती कुंडीत भरू नका. ओली असताना ती मुळं गुदमरवते आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. रानात लावायचं तर वीतभर उंच गादीवाफा करा आणि एक-एक फुटावर रोप. युरिया देऊ नका. पाला माजतो, मऊ पडतो आणि मावा धरतो.

पाणी वरची बोटभर माती वाळल्यावर. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं पानांच्या कडा करपतात आणि कुंडीच्या काठाला पांढरा थर येतो. तसं दिसलं तर महिन्यातून एकदा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं कुंडी खालून वाहीपर्यंत धुऊन काढा.

एक बारकावा. हे झाड दिवस मोठा झाल्यावर फुलतं. आपल्याकडं डिसेंबरात ते नुसतं पाल्याचा गड्डा करून बसतं, त्यामुळं ‘फूल का येईना’ म्हणून खतं घालत बसू नका. पाला काढायला हाच काळ सोन्याचा. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्साच पाला तोडा, पुढची तोडणी तीन-चार आठवड्यांनी. फेब्रुवारी-मार्चमध्ये दांडा वर येतो. चाळीसच्या वर पारा गेला की पन्नास टक्के शेडनेटखालीही झाड कसंबसं तग धरतं. तेव्हा दोन-तीन फुलांचे गुच्छ झाडावरच तपकिरी होऊ द्या, कागदाच्या पाकिटात झाडून बी घ्या. पुढच्या दसऱ्याला तेच चालतं.

पैनगंगा

मावा आणि पानात पांढऱ्या वळवळत्या रेषा दोन्ही येतात. फवारणी काय करावी?

बालाघाटी

त्या रेषा नागअळीच्या. अशी पानं तोडून चुरगळून टाका, गड्ड्यात ठेवू नका. माव्याला सकाळी पाण्याची जोराची धार पानाच्या खालच्या अंगाला मारा, सलग तीन-चार दिवस. चार-दोन कुंड्यांना एवढं पुरतं. जास्त झाला तर पाच टक्के निंबोळी अर्क, पण मग दहा दिवस पाला तोडू नका आणि तोडल्यावर दोन पाण्यांनी धुवा. पोटात घ्यायच्या पाल्यावर रासायनिक कीटकनाशक मारू नका.

गोदातीर

पाला वाळवायचा कसा? आणि १०० मिलिग्रॅम घरी मोजायचं तरी कसं? वजनकाटा तर पाच ग्रॅमच्या खाली दाखवत नाही. चहा करून प्यायला तर?

औषधशास्त्र_परभणी

पार्थेनोलाइड पानांत आणि फुलांत असतं, दांड्यात अगदी थोडं. म्हणून दांडे काढून टाका. दव उडाल्यावर, ऊन चढायच्या आत तोडा. सुती कापडावर एक थर पसरून सावलीत, वारा खेळणाऱ्या खोलीत वाळवा. पत्र्याच्या छतावर किंवा उन्हात नाही. उष्णतेनं गुण जातो आणि पाला तपकिरी पडतो. थंडीत आठवडाभर लागतो. पान दोन बोटांत धरल्यावर वाकलं तर अजून ओल आहे, कटकन मोडलं तर झालं. ताज्या १०० ग्रॅमचे साधारण २० ग्रॅम उरतात. ओल राहिली तर बरणीत बुरशी येते, असा पाला सगळाच फेका. बरणी काचेची, गडद रंगाची, गच्च झाकणाची, कोरड्या कपाटात. पूड एकदम करून ठेवू नका, महिन्याची करा. साठवणीत गुण उतरत जातो, म्हणून मागच्या वर्षीचा पाला पुढच्या हिवाळ्यात वापरू नका. पूड करताना नाकातोंडाला रुमाल बांधा.

१०० मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग, चमच्यानं अंदाज करता येत नाही. सोनाराकडं वापरतात तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्या. त्यावरही १०० मिलिग्रॅम थेट मोजू नका, चूक मोठी राहते. वस्त्रगाळ पूड ३ ग्रॅम मोजा. मंद भाजून गार केलेलं ज्वारीचं पीठ १२ ग्रॅम मोजा. खलात आधी ३ ग्रॅम पूड आणि ३ ग्रॅम पीठ घोटून एकजीव करा, मग ६ ग्रॅम पीठ घालून घोटा, मग उरलेलं ३. सगळं एकदम ओतून ढवळलं तर पूड एका बाजूला राहते आणि एका दिवशी दुप्पट, एका दिवशी निम्मी जाते. या १५ ग्रॅमच्या मिश्रणातलं अर्धा ग्रॅम म्हणजे १०० मिलिग्रॅम पूड. तीस पुड्या बांधा, महिन्याचं काम झालं.

चहा करायला मनाई नाही, पण त्यात किती उतरलं, किती उकळण्यात गेलं याचा हिशेब लागत नाही. चाचण्या चहावर झालेल्या नाहीत.

वैद्य_अंबाजोगाई

तापाबद्दल बोलणं गरजेचं आहे. नावात ताप आहे म्हणून कुणी तापाला देऊ नये. ताप उतरवण्याचा आधार मिळेल असा पुरावा या झाडाला नाही. आपल्या भागात पावसाळ्यानंतर डेंग्यू असतो, त्यात प्लेटलेट्स आधीच घसरलेल्या असतात. प्लेटलेट्सच्या कामात ढवळाढवळ करणारा पाला अशा वेळी देणं धोक्याचं. ताप दोन दिवसांच्या वर गेला की रक्त तपासा.

अर्धशिशीला आपल्याकडं अर्धावभेदक म्हणतात, आणि त्यासाठी पथ्यादि काढा, नस्य (नाकात औषध सोडणं) असे स्वतंत्र उपचार आहेत. ते वैद्याच्या सल्ल्यानं वेगळे घ्यावेत. फीवरफ्यू त्यात मिसळून ‘डबल गुण’ काढायला जाऊ नये. काय लागू पडलं आणि कशानं त्रास झाला, दोन्ही कळत नाही.

आणि निदान आधी हवं. अचानक वीज पडल्यासारखी आयुष्यातली सगळ्यात तीव्र डोकेदुखी, सोबत ताप आणि मान ताठ, हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, दिसायचं बंद होणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं: यातलं काहीही असेल तर झाडपाला बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. साध्या अर्धशिशीतही उपास, जागरण आणि मे महिन्यातल्या लग्नातलं दुपारचं ऊन या तीन गोष्टी सांभाळल्या तर पुष्कळ फरक पडतो. अर्धशिशीवाल्यांनी निर्जळी उपास करू नये.

पैनगंगा

कुणी घेऊच नये, ते एका ठिकाणी लिहा ना कुणीतरी. घरात दाखवायला बरं.

औषधशास्त्र_परभणी

गरोदर बाई किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेली. जुन्या काळी हे पाळी आणण्यासाठी आणि वार पाडण्यासाठी वापरत, ते कारण पुरेसं आहे. अंगावर पाजणारी आई. लहान मुलं. सूर्यफूल-शेवंतीच्या कुळाची किंवा गाजरगवताची ॲलर्जी असलेले. वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, रोजची ॲस्पिरिन यांसारखी रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, म्हणजे हृदयात स्टेंट बसवलेले जवळपास सगळे. रक्तस्रावाचा आजार असलेले. ऑपरेशन ठरलं असेल तर निदान दोन आठवडे आधी बंद पाहिजे, आणि दात काढतानाही डॉक्टरांना सांगा. ‘झाडपालाच तर आहे’ म्हणून लोक सांगत नाहीत आणि मग रक्त थांबत नाही.

मांजराकाठ

एकरी लावलं तर परवडेल का? सोयाबीनला पर्याय म्हणून विचारायलोय.

बालाघाटी

खरेदीदार लेखी ठरल्याशिवाय गुंठाभरही लावू नका. मोंढ्यात याला भाव नाही, आडत्या ओळखत नाही. औषधी कंपनी घेते तेव्हा पार्थेनोलाइडची टक्केवारी तपासून घेते. ती बियाण्यावर, तोडणीवर आणि वाळवणीवर अवलंबून असते. काही वाणांत पार्थेनोलाइड नावालाही नसतं. फुलवाल्यांकडं ‘मॅट्रिकेरिया’ नावानं जे पांढऱ्या बटणांसारखं फूल येतं ते बरेचदा याचेच शोभेचे वाण असतात. ते गुच्छासाठी ठीक, औषधाचा भरवसा नाही. शिवाय मजुरांचा विचार करा. गाजरगवतानं आधीच हात सोलवटलेल्या बायकांना दिवसभर हाच पाला तोडायला लावणं योग्य नाही.

गोदातीर

शेवटचे दोन प्रश्न. विकतची पूड घेताना काय बघायचं? आणि फायदा झाला तर बंद कधी आणि कसं करायचं?

औषधशास्त्र_परभणी

पाकिटावर टॅनासेटम पार्थेनियम हे पूर्ण नाव, झाडाचा कोणता भाग, उत्पादन आणि मुदतीची तारीख, परवाना क्रमांक आणि पार्थेनोलाइडची टक्केवारी हवी. नुसतं ‘पार्थेनियम पावडर’ लिहिलेलं घेऊ नका. ‘कॅमोमाइल’ म्हणून असलेलंही वेगळं झाड आहे. त्याची चकती उंच शंकूसारखी, आत पोकळ, आणि पानं दोऱ्यासारखी. पूड उघडल्यावर हिरवट आणि उग्र वासाची असली पाहिजे. तपकिरी आणि बिनवासाची असेल तर परत करा. रिबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) आणि मॅग्नेशियम घातलेली महाग मिश्र गोळी दिसेल. २००४ च्या चाचणीत असं मिश्रण तुलनेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. तुलनेच्या गोळीत थोडं रिबोफ्लेविन होतं हे खरं, पण जादा पैसे मोजावेत असं त्यात काही दिसत नाही.

फायदा झाला तरी चार-सहा महिन्यांनी थांबून बघावं, पण एका झटक्यात नाही. बरेच महिने घेऊन अचानक सोडणाऱ्यांना डोकेदुखी उसळून येणं, झोप उडणं, अस्वस्थपणा, सांधे आखडणं असा त्रास होतो. वर सांगितलेल्या पुड्या असतील तर पहिला आठवडा रोज अर्धी पुडी, दुसरा आठवडा दिवसाआड अर्धी, तिसऱ्या आठवड्यात दोनदाच अर्धी आणि मग बंद. वही पुढचे दोन महिने चालू ठेवा. मे-जूनमध्ये सोडू नका. त्या दिवसांत उन्हानं डोकं धरतं आणि पाला सोडल्यानं दुखलं की उन्हानं, हे कळत नाही. दिवाळीनंतरची थंडी सोडायला बरी.